पापणीचा रंग

शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली की आतली कड दिसते. निरोगी शेळीची कड डाळिंबाच्या दाण्यासारखी असते. द्वारकाबाईंच्या शेळीची धुतलेल्या तांदळासारखी पांढरी होती. जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबत होती.

जंत रक्त पीत होते. पळसाच्या बियांची पूड गुळाच्या पाण्यात कालवून द्वारकाबाईंनी बांबूच्या नळीने तिच्या घशात सोडली.

औषध शिकवताना सासूने दोनच अटी घातल्या होत्या. पैसा घ्यायचा नाही आणि दुसऱ्याचे औषध आपल्या गोठ्यात आणायचे नाही. आणले की हातगुण गेला. पूर्वी या पुडीने लांबलांब जंत पडलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. मागच्या पावसाळ्यात मात्र दोन्ही करडे गेली. पुडीचा गुण गेला की काय, असे तेव्हाच मनात आले होते. ते ओठांवर आले नाही.

"काकी, घरात हाव का?" शेजारची आवडाबाई शेळी घेऊन दारात उभी होती.

"नाय, मी लग्नाला गेले," द्वारकाबाई थट्टेने म्हणाल्या. "ये की."

द्वारकाबाईंनी सवयीने त्या शेळीची पापणी ओढली. लालभडक.

"आवडे, ही तर लई चांगली हाय."

"तुमच्याच औषधाचा गुण."

"माझी बी तेच पिती. एकाच रानात चरत्यात दोघी. खरं सांग."

आवडाबाई पदराचे टोक पिळत राहिली. "आमचे मालक शहागंजच्या बाजारातून जंताच्या गोळ्या आणतेत. समदेच देतेत, काकी. पलीकडच्या घरचा पुंजाराम बी. आधी गोळी, मंग तुमचं औषध."

"मंग माझ्याकडं कशाला येता?"

"तुमाला वाईट वाटंल म्हून."

द्वारकाबाई आपल्या शेळीकडे वळल्या. आवडाबाईने कमरेची पिशवी सोडून गोळी काढली. "एक हाय. घ्या. आजून जीव हाय तिच्यात."

त्यांनी ती घेतली. पाण्यात विरघळवली, नळी लावली. शेळीने गिळले नाही. पांढरे पाणी ओठांच्या कडेने दावणीत ओघळले. द्वारकाबाईंनी बोट डोळ्याजवळ नेले. पापणी मिटली नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी मागे पाहिले. आवडाबाई अजून तिथेच होती. आपल्या शेळीचे तोंड दोन्ही हातांनी वर धरून, औषधासाठी.

"द्या, काकी," ती हळूच म्हणाली.

द्वारकाबाईंनी उरलेल्या पुडीची वाटी उचलली आणि मातीत उपडी केली.

"ने तिला माघारी. समद्यांला सांग, आजपासून मी औषध देत नाय."