तेविसावी बोलणी

मी आजवर बावीस लग्नं जमवली. लोधिवलीपासून पळसदरीपर्यंत कुठल्याही गावात जाऊन सहदेवभाऊंचं नाव सांगा, निदान कपभर चहा तरी मिळेल. पोटासाठी मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात फिटर आहे, पण खरी हौस ही. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली की कोणी तोंड उघडायचं, कधी उघडायचं आणि काय पोटातच ठेवायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. बावीसपैकी एकही लग्न माझ्या बोलण्याने मोडलेलं नाही. पुढे त्यांनी आपसात काय केलं ते मला विचारू नका.

तेव्हा आमच्या सुरभीच्या प्रवेशाचं निघालं आणि ते काम मी माझ्याच हातात घेतलं, यात नवल काही नव्हतं.

सुरभी माझी एकुलती एक मुलगी, बारावीला होती. तिला विज्ञान शिकवणाऱ्या लुबना मॅडम खालापूरच्या. सप्टेंबरात एका संध्याकाळी त्या स्कूटरवरून घरी आल्या. पुण्याच्या पलीकडे एक विद्यापीठ आहे, तिथे जमीन आणि पाणी या विषयाची पदवी मिळते, साऱ्या देशातून फक्त साठ मुलं घेतात, असं त्यांनी सांगितलं. सुरभीने अर्ज करावाच, असा त्यांचा आग्रह होता. आधी अर्ज, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि मुलाखतीच्या दिवशी आई-वडिलांशीही बोलतात. मी मनात म्हटलं, आधी कागदावर माहिती, मग पसंती, मग समोरासमोर बसणं. ही तर बोलणीच की. मॅडमना मी निर्धास्त राहायला सांगितलं.

सुरभीला मात्र ते विद्यापीठ हवंच होतं. ती हट्ट करणारी मुलगी नाही. पण मॅडम गेल्यावर तिने त्यांचं माहितीपत्रक उशीखाली ठेवलं, आणि एवढं तिने दहावीच्या गुणपत्रिकेचंही कौतुक केलं नव्हतं.

अर्जात एक प्रश्न होता. कोणी न सांगता, स्वतःच्या मनाने केलेल्या एखाद्या कामाबद्दल लिहा. सुरभीने चार पानं लिहून माझ्यापुढे ठेवली. चारही पानं विहिरींवर होती.

हे विहिरींचं प्रकरण मला ठाऊक होतं आणि मुळीच आवडत नव्हतं. आठवीपासून ही मुलगी दर रविवारी गावाच्या शिवारातल्या सात विहिरींवर फिरते. फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी, टोकाला दगड. दोरी सोडायची, काठापासून पाणी किती खाली आहे ते पाहायचं आणि वहीत उतरवायचं. ऐकायला ठीक वाटतं. पण वयात आलेली मुलगी विहिरीत वाकून बघते, याचा गावात काय अर्थ लावतात ते गावात राहणाऱ्यालाच कळतं. एकदा शेजारच्या नागूची बायको दबक्या आवाजात म्हणाली होती, "भावजी, पोरीवर लक्ष ठेवा, तिच्या मनात काय हाय ते बघा, जिवाचं बरंवाईट नको." त्या रात्री मला झोप आली नव्हती. मी सुरभीला रागावलो, तिने ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा दोरी घेऊन गेली. मग मी त्या विषयाकडे काणाडोळा करायला लागलो.

आता हे चार पानं भरून परक्या माणसांना कळवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा बोलणीतला पहिला धडा. मी ती पानं काढायला लावली. त्या जागी रांगोळी स्पर्धेतला दुसरा नंबर आणि शाळेतलं वृक्षारोपण आलं. वृक्षारोपण शाळेनेच सांगितलं होतं, पण आपण होऊन ते कशाला सांगायचं? लुबना मॅडमचा फोन आला. विहिरींचं का काढलं म्हणून त्या जवळजवळ भांडल्याच. मी त्यांना शांतपणे सांगितलं की मॅडम, शिकवणं तुमचं, बोलणी माझ्यावर सोडा.

लेखी परीक्षेत सुरभी पास झाली. हजारो मुलांतून मुलाखतीला दोनशे बोलावली, त्यात ही. माझी छाती फुगली आणि डोकंही जरा फुगलं असणार, कारण मी रोज जेवताना तिची तयारी घ्यायला लागलो. विचारलं तेवढंच सांगायचं. आपण होऊन विषय काढायचा नाही. माहीत नाही असं कधी म्हणायचं नाही, त्यापेक्षा गप्प बसायचं. आणि विहिरींचं नाव घ्यायचं नाही. ती मान डोलवायची. तिची आई जयवंता ताटात वाढत राहायची. मला वाटलं, दोघींना पटलंय.

फेब्रुवारीतल्या शनिवारी आम्ही भाच्याच्या गाडीतून घाट चढलो. मी, जयवंता, सुरभी आणि धाकलूकाका. काकांचं तिथे काही काम नव्हतं, पण माझ्या प्रत्येक बोलणीला ते असतात. पांढऱ्या मिशांचा माणूस सोबत असला की समोरच्यावर वजन पडतं. विद्यापीठाच्या फाटकावर मात्र त्यांना गाडीतच बसवून ठेवलं, आणि मिशा वाया गेल्या.

आत बाकांवर आठ-दहा कुटुंबं होती. मुलं एकेक करून आत जात होती आणि अर्ध्या तासाने, पाऊण तासाने लालबुंद होऊन बाहेर येत होती. सुरभी आत गेली आणि मी सवयीने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटांत ती बाहेर आली.

माझ्याशेजारी बसून तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. काय विचारलं म्हटलं तर म्हणाली, बरंच. मग तू काय सांगितलंस?

"तुमी सांगितलंत तसंच," ती म्हणाली. "विचारलं तेवढंच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलायला मोकळ्या. मराठीतच बोलूया म्हणाल्या. प्रवास कसा झाला वगैरे झाल्यावर त्यांनी विचारलं, सुरभी घरी असते तेव्हा काय करते?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बावीस वेळा घासूनपुसून झालेलं. मुलगी शांत आहे, घरकामात हुशार आहे, उलट बोलत नाही, सांगितलं तेवढं मुकाट करते. मी निम्म्यावर आलो असेन, बाईंनी हळूच पेनाला टोपण लावलं.

हे टोपण दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. मला दिसलं, कारण मी आयुष्यभर तेच पाहत आलोय. समोरचा माणूस हसत असतो, मान हलवत असतो, पण चहा अर्धा ठेवून कप बाजूला सरकवतो, तेव्हा समजायचं की हे जमत नाही. इथे बाहेरच्या कोणाची मुलगी नव्हती. माझी होती. आणि तिला नको म्हणायला लावणारी माणसंही समोरची नव्हती, मीच होतो.

मी बोलायचा थांबलो. जयवंताने माझ्याकडे पाहिलं. मग मी माझ्या घरच्याच बोलीत आलो, कारण दुसरी बोली आठवेना.

"बाई, तुमी नऊ मिनिटं जिला पायलीत ती मी शिकवून पाठवलेली पोरगी. माझी पोरगी भायेर बाकड्यावर बसलीय. तिला एकदा आत बोलवा."

डावीकडचे गृहस्थ वेळापत्रक पाहायला लागले. सगळ्यांना एकच संधी असते, असं काहीतरी ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "चूक माझी हाय, तिची नाय. चार वर्षं ती गावातल्या सात विहिरींचं पाणी मोजतेय. मीच तिला सांगितलं, हे कुनाला सांगू नको." बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. दर किती दिवसांनी मोजते, म्हणून विचारलं. दर रविवारी, मी म्हटलं. मग बाई स्वतःच उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

सुरभी आत आली ती माझ्याकडे बघत. त्या तिघांकडे तिचं लक्षच नव्हतं. मी म्हटलं, सांग गं, विहिरींचं सांग. तिने ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळायला घेतलं. इतक्या दिवसांची माझी शिकवणी, ती एका वाक्याने कशी उतरणार? शेवटी मला राहवेना आणि मीच सुरुवात केली. आमच्याकडे शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले झाले, त्यांनी बोअर मारले, पाणी ओढलं आणि गावच्या विहिरी आटल्या, असं मी ठणकावून सांगितलं. सगळा गाव तेच सांगतो.

"नाय बाबा," सुरभी म्हणाली. "चुकतंय तुमचं."

परक्या माणसांसमोर मुलीने बापाला खोडून काढलं, की बोलणी तिथेच संपते. चप्पल घालायची आणि निघायचं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि बसून राहिलो.

सगळ्या विहिरी उतरल्या नाहीत, ती सांगत होती. सातातल्या तीनच उतरल्या, आणि त्या बंगल्यांपासून लांबच्या आहेत. बंगल्यांना अगदी चिकटून असलेल्या विहिरीचं पाणी उलट एप्रिलात फूटभर वर येतं. बागांना घातलेलं पाणी तिथे मुरत असेल, असं तिला वाटत होतं, पण मग लांबच्या विहिरी का उतरतात? तिने टेबलावरचा कागद ओढला, कोणाला न विचारता, आणि ओढा, डोंगर, विहिरी काढायला घेतल्या. मघाच्या गृहस्थांनी अडवलं की दोरी भिजली की ताणते, मग माप बदलतं, त्याचं काय? ती म्हणाली की दर दिवाळीला ती दोरी टेपने तपासते आणि जेवढा फरक येतो तेवढा वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. गृहस्थांनी वेळापत्रक उलटं करून ठेवलं.

बाईंनी विचारलं, मग तुझ्या मते लांबच्या विहिरी का उतरतात?

"ठाऊक नाय," सुरभी म्हणाली. "खाली दगडात पानी कुटून कुठं जातं ते मला दिसत नाय. माझी दोरी तिथवर पोचत नाय. म्हणून तर मला इथं यायचंय."

माझ्या सगळ्या शिकवणीत ज्या शब्दांना सक्त मनाई होती, तेच शब्द तिने मान वर करून उच्चारले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पुढे त्या चौघांचं काय चाललं होतं ते मला फारसं कळलं नाही. मध्येच एकदा चौघंही एकदम बोलत होते, त्यात सुरभीचा आवाज सगळ्यात मोठा होता. निघताना बाईंनी मला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? मी नाही म्हटलं. बोलणीत असं मी पहिल्यांदाच म्हटलं असेन.

घाट उतरताना सुरभी पुढच्या सीटवर झोपली. धाकलूकाका खिडकीशी पेंगत होते. मी जयवंताला हळूच विचारलं की तुला हे सगळं माहीत होतं का, बागांचं पाणी, एप्रिल, दोरी तपासणं?

"दोरी ती सोडते, मग वही कोन धरतो असं वाटलं तुमाला?" ती म्हणाली. "चार वर्षं रविवारी तुमी लोकांच्या पोरींची लग्नं जमवायला जाता. आमी दोगी विहिरीवर जातो."

मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारणार होतो. खोपोली येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मला माझी लाज वाटत होती आणि त्याच वेळी त्या दोघींचा एवढा अभिमान वाटत होता की लाजही फार टोचेना.

मार्चअखेरीला निकाल मेलवर आला. सुरभी ओट्याशी उभी राहून फोन बघत होती. तिने तो दोनदा वाचला, मग आईला वाचून दाखवला. साठांत तिचं नाव होतं. जयवंताने तिला जवळ घेतलं आणि मी दोघींच्या भोवती नुसताच फिरत राहिलो. आनंदाने माझे हात कुठे ठेवावेत तेच मला कळेना.

मग सवयीने मी फोन उचलला. पहिला धाकलूकाकांना लावला. तिकडून हॅलो आलं, माझा घसा मी साफ केला, पहिलं वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मी थांबलो आणि फोन सुरभीच्या हातात दिला.

"तू सांग," मी म्हटलं.

ती सांगायला लागली. निवड झाली इथून सुरू करून ती विहिरींवर गेली, विहिरींवरून दगडांवर, तिथे काय काय शिकवणार त्यावर, पहिल्या वर्षी कुठल्या नदीवर नेणार त्यावर. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून तिने सगळं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा ऐकलं.