दोन ओळींची अदलाबदल

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला दाखवलंच नाही, असं समजू या."

बाई उभ्याच राहिल्या. दीपगृहांची यादी तयार करणाऱ्या त्या कारकून; एकतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. समुद्रावरून रात्री सगळे दिवे सारखेच दिसतात. खलाशी त्यांना ओळखतो तो त्यांच्या चमकण्यावरून. हातात घड्याळ धरून तो मोजतो, किती सेकंदांत दिवा किती वेळा चमकला; मग यादी उघडतो आणि समोर कुठला किनारा आहे ते त्याला कळतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन दिव्यांची चाल कधी एकसारखी ठेवत नाहीत.

बंदराच्या तोंडावरचा दिवा दहा सेकंदांत दोनदा चमके, त्याच्या उत्तरेचा, खडकांवरचा, पंधरा सेकंदांत तीनदा. नव्या छापील यादीत या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. आदल्या संध्याकाळी पानं चाळताना बाईंना ती दिसली. छापखान्याला दोष द्यायला जागा नव्हती. कच्च्या प्रतीत अक्षर बाईंचंच होतं. पुस्तकं बंदरोबंदरी पोचली होती, आणि बाईंच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

साहेब तसे वाईट नव्हते. तिथले जुने खलाशी यादी बघतच नाहीत, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू, जाता जाता नावाला बट्टा कशाला लावून घेता, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. ते पटलं असतं तर बाईंनाही बरंच वाटलं असतं. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि लेकीलाही त्या काही बोलल्या नव्हत्या.

"जुने नाही बघत," बाई म्हणाल्या, "नवखा बघेल. तीनदा चमकलेलं मोजेल, यादी उघडेल आणि बंदर आलं म्हणून सरळ खडकांत जाईल. माझ्यावर विश्वास ठेवून जाईल, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. दुपारी सगळ्या जहाजांना बिनतारी संदेश गेला. दुरुस्तीच्या कागदावर 'चूक कशी झाली' या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'नोंद करणाऱ्या कारकुनाची चूक', आणि खाली पूर्ण सही केली. मग चार दिवस त्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पाकिटांत भरत बसल्या. बाईंचा स्वल्पविराम चुकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल, अशी थट्टा करणारा शेजारचा टंकलेखकही त्या दिवसांत मदतीला आला. खुर्ची ओढून तो पाकिटांना तिकिटं लावू लागला.

निरोपाच्या दिवशी सगळी कचेरी एका खोलीत जमली. साहेबांचं भाषण महिन्याभरापूर्वीच टाइप झालं होतं. ते वाचू लागले, "एकतीस वर्षांत बाईंच्या हातून एकही..." आणि थांबले. कुणी कुणाकडे बघेना.

"झाली एक," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तसं वाचा."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, कागदावर दोन शब्द खोडले, वर एक लिहिला.

"एकतीस वर्षांत बाईंच्या हातून एक चूक झाली," त्यांनी वाचलं. पुढे दीड पान मजकूर होता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती बाईंच्या हातात दिली.