कोणाचा रेडा

नुरैदानं गाडीतून पाय खाली ठेवला तो थेट शेणात. चप्पल गवताला पुसत तिनं पुढं पाहिलं. कालव्याच्या काठावर माणसं गोळा झाली होती आणि खाली सिमेंटच्या पात्रात तो काळाभोर रेडा मान वाकडी करून पडला होता. त्याच्या शिंगावरचा लाल रंगाचा पट्टा अजून ओला होता.

"सुरी पोचायच्या आत गेला, बाई," तार्मिझी खाटीक म्हणाला. तो काठावर उकिडवा बसला होता. "मोटारसायकलचा हॉर्न वाजला आणि हा दावं तोडून जो सुटला... मी सुरी घेऊन धावलो, बिस्मिल्ला तोंडात होतं. पण मेल्याला दम कुठला!"

सुरी फिरायच्या आत मेलेलं जनावर म्हणजे माती. मांस कुणाच्या पोटात जायचं नाही, खड्डा खणून पुरायचं एवढंच. आणि उद्या मेगांग, घरोघरी मांस शिजायचा सण! रमजानच्या तोंडावर बिरुएन गावात ज्या घरातून रश्श्याचा वास येत नाही त्या घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी धरून चालतात. नवा जावई मांसाची पिशवी न घेता सासरी गेला, तर पुढं वर्षभर त्याच्या ताटात भाताबरोबर टोमणे वाढले जातात. खाटकाची वर्षाची कमाई त्या एका सकाळी होते. तार्मिझीनं सात रेडे धरले होते, आणि सहांवर जे सुटणार होतं ते हा सातवा गिळून बसला होता.

"कागद काय म्हणतो?" नुरैदानं विचारलं. तिला ते ठाऊक होतं, पण दहा माणसांसमोर ते तार्मिझीच्या तोंडून आलेलं बरं.

"कागद म्हणतो रेडा माझा. सकाळी तुमच्याच टेबलावर सही केली."

"मग झालं तर. वाईट झालं, तार्मिझी. हप्ते लांबवून देऊ. बँक काही परकी नाही."

ती हे मनापासून बोलली. नुरैदा खोटं बोलणारी बाई नव्हती आणि घाबरणारी तर मुळीच नव्हती. सासऱ्यांच्या पतपेढीची तिनं बँक केली होती. व्याज घ्यायचं नाही, म्हणून तिची बँक खाटकासाठी स्वतः रेडे विकत घ्यायची, वर ठरलेला नफा चढवून त्यालाच विकायची, आणि पैसे मेगांगनंतर सवडीनं. त्यात एकच मेख होती. विकण्याआधी माल आपला झालेला असला पाहिजे.

ही मेख सांभाळायला बँकेत धर्माचा जाणकार नेमलेला असतो. इतकी वर्षं ते काम तेंगकू मुहिब यांच्याकडं होतं. त्यांनी दंडकच घातला होता की बँकेच्या माणसानं बाजारात यायचं, रेड्याचं दावं आपल्या हातात धरायचं, आणि मगच ते खाटकाच्या हातात द्यायचं. कारकुनांचे बूट शेणानं भरायचे, दिवस जायचा. पलीकडच्या बँकेत तेच काम चहा थंड व्हायच्या आत टेबलावर उरकायचं. दोन वर्षांत निम्मे खाटीक तिकडं गेले आणि नुरैदाची बँक तोट्यात आली. म्हणून यंदा तिनं तेंगकूंची मुदत वाढवली नाही. शुक्रवारी त्यांना शाल दिली, नावाची पितळी पाटी दिली, आणि बांदा आचेहून डॉक्टर फाख्री नेमले. त्यांनी टेबलाला मान्यता दिली आणि गेलेले खाटीक रांगेनं परत आले. आज सकाळी नुरैदानं आसपासच्या बाजारांतल्या सगळ्यांच्या खरेदीच्या आणि विक्रीच्या सह्या एका बैठकीत घेतल्या होत्या. यंदा बँक नफ्यात येणार होती. पुढच्या आठवड्यात भागधारकांसमोर ती ताठ मानेनं उभी राहणार होती.

फटफट करत एक जुनी मोटारसायकल आली. लुंगी सावरत तेंगकू मुहिब उतरले.

"अरे वा, डायरेक्टरबाई बाजारात! उद्या सूर्य सुमात्राच्या उलट्या बाजूनं उगवणार."

"तेंगकू, तुम्ही इथं कसे?"

"मांस सांगायला आलो. सहा जावई आहेत मला, प्रत्येकाचं तोंड गुहेएवढं." त्यांनी खाली वाकून रेड्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "गेला बिचारा. तार्मिझी, हा रंग तू लावलास?"

"हो. बँकेच्या वतीनं सात निवडले, रंग लावला. रेडेवाला लेमान म्हणाला, दिले."

"दिलेच," रेडे विकणारा लेमान लांबूनच ओरडला. "माझे पैसे पोचले, माझं काम संपलं. मला मध्ये ओढू नका!"

"तुला कोण ओढतंय, लेमान? तू तर लोण्यासारखा निसटतोस." तेंगकू तार्मिझीकडं वळले. "मला एवढंच सांग, सही आधी की रंग आधी?"

तार्मिझीनं नुरैदाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. गवताची एक काडी उपटून तो बोटाला गुंडाळत बसला.

नुरैदाला उत्तर ठाऊक होतं. सह्या सकाळी झाल्या, रंग दुपारी लागला. ज्या वेळी तिनं तार्मिझीला सात रेडे विकले, त्या वेळी बँकेकडं रेड्याची शेपूटसुद्धा नव्हती. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा तो व्यवहार. न झालेली विक्री. रंग ही माल ताब्यात घेतल्याची खूण; तो लागला तेव्हा सातही रेडे बँकेचे झाले आणि अजून बँकेचेच होते.

तिनं गाडीच्या आडोशाला जाऊन डॉक्टर फाख्रींना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"दोन्ही सह्या आहेत ना?" पलीकडून आवाज आला. "मग काळजी कशाला, ताई? क्रमाचं म्हणाल तर रंगाची वेळ सकाळची दाखवा. मी आत्ता मान्यता पाठवतो, पाच मिनिटांत."

"तुम्ही येऊन बघणार नाही?"

"काय बघायचं? रेडा?" डॉक्टर हसले.

तिनं फोन बंद केला. पाच मिनिटं कुठली, तिसऱ्याच मिनिटाला मान्यता आली, खाली झोकदार सही. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती परत काठावर गेली.

"तेंगकू, तुमचा निर्णय काय? स्पष्ट सांगा."

"माझा निर्णय?" म्हाताऱ्यानं डोळे मोठे केले. "शुक्रवारी शाल पांघरलीत ना मला? आता मी गिऱ्हाईक. एक किलो मांसाचा भाव विचारू शकतो, बास. मघाशी विचारलं ते सवयीनं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुमच्याकडं नवीन माणसाची सही आहे, ती चालेल. तुम्हाला अडवणारं इथं कुणी नाही, बाई."

ते अगदी सरळ म्हणाले. टोमणा असता तर तिनं परतवला असता.

वाडीतला एक गडी खांद्यावर कुदळ घेऊन आला. "खड्डा मोठा लागेल. मजुरी कोण देणार? मालक कोण याचा?"

तार्मिझी गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खिसा चाचपू लागला.

नुरैदा कालव्यापलीकडं बघत होती. तिथं दुपारीच परगावचे तीन ट्रक येऊन लागले होते, रेड्यांनी गच्च भरलेले, आणि भाव धाडकन खाली आला होता. सकाळची विक्री झालीच नाही असं तिच्या तोंडून एकदा निघालं, की तार्मिझीच काय, रांगेतला प्रत्येक खाटीक मोकळा. एकेकजण ट्रककडं पळेल आणि चाळीस रेडे बँकेच्या दारात हंबरत उभे राहतील. मग कसला नफा आणि कसली ताठ मान! हे गणित करायला तिला कागद लागला नाही.

"थांबा, तार्मिझी," ती म्हणाली. "खिशातला हात काढा. रेडा बँकेचा आहे."

कुदळवाला तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मालक मी आहे, मजुरी मी देते. खोल खणा, कुत्री उकरतील." मग तिनं फोन काढून कारकुनाला सांगितलं, "आपल्या सगळ्या माणसांना बाजारात पाठव. सकाळचे विक्रीचे कागद फाडायचे. रेड्याला हात लावायचा, मग नव्यानं विचारायचं, घेता का. नाही म्हणाले तर आग्रह नाही... हो, शुद्धीवर आहे मी. बूट खराब झाले तर बँक धुऊन देईल!"

लेमाननं कपाळावर हात मारला. तेंगकूंनी बिडी पेटवली, ती दोनदा विझली.

नुरैदा उरलेल्या सहा रेड्यांपाशी गेली. दावी ओली, चिखलाची होती. ती तिनं एकेक करून मुठीत धरली. एका रेड्यानं तिच्या बाहीला नाक पुसलं.

"तार्मिझी, हे सहा बँकेचे आहेत. भाव सकाळचाच, मी उतरवू शकत नाही. तिकडं स्वस्त आहेत, मला दिसतंय. घेणार का?"

तार्मिझीनं ट्रककडं पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं, खाटीक जनावर बघतो तसं. मग त्यानं हात पुढं केला आणि तिच्या मुठीतून दावी घेतली.

"सहांनी माझं भागत नाही, बाई," तो म्हणाला. "सात लागतात. सातवाही बँकेकडूनच घेईन."

"बँकेकडं आता नाही."

"म्हणून तर म्हणतोय. ट्रक जायच्या आत गाठा."

नुरैदानं ओढणीची टोकं मागं बांधली आणि कालव्यावरच्या फळीवरून पलीकडं गेली. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर फाळक्यावर बसून सुपारी चघळत होता. चाकावर पाय देऊन वर चढणाऱ्या बाईकडं तो बघतच राहिला.

"तो डावीकडचा," ती धापा टाकत म्हणाली. "काय भाव?"

"कुणासाठी घेताय?"

"आधी माझ्यासाठी," नुरैदा म्हणाली, आणि तिनं रेड्याच्या पाठीवर हात ठेवला.