टाचणी नाही

पातळ

"नीट बघितलंत ना? निळ्या डोक्याची आहे. बारीक." घसा बधिर केल्यामुळे मास्तरांचे शब्द जड येत होते.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "एक्स-रेत नाही, दुर्बिणीतही नाही. मास्तर, टाचणी नाहीच."

"सुटलो बाई एकदाचे!" मास्तरांच्या बायकोने पदर तोंडाशी नेला.

मास्तर काही सुटले नाहीत. ते डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"अन्ननलिका आतून आवळत आलीय. गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवते."

त्याआधी, घट्ट

मास्तर म्हणजे शिंपी माणूस. उभ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बेतताना टाचण्या ओठांत. लग्नापासून बायको सांगत आली होती, "तोंडात धरू नका हो, एक दिवस गिळाल." मास्तर ओठ न हलवता हसायचे.

एका संध्याकाळी निळ्या डोक्याची टाचणी सापडेना. दुसऱ्या दिवशी पावाचा घास छातीमागे अडकला.

झाले. मास्तरांनी हिशेब जुळवला.

सांगायचे कुणाला? आयुष्यभर कात्री चालवलेल्या माणसाने टाचणी गिळली म्हटल्यावर गल्लीभर हसू. आणि घरात, 'बघा, मी म्हणत नव्हते?'

मग स्वतःच उपचार. टाचणी खाली जावी म्हणून केळी. घासागणिक पाण्याचा घोट.

मग नुसतेच मऊ

"अहो, वाळत चाललात."

"वय झालं."

"वयानं माणूस वाकतो. अर्धा नाही होत."

मास्तरांनी स्वतःच्या पँटी कमरेत आत घेतल्या. मग पुन्हा आत घेतल्या. शिवण इतकी सफाईदार की बायकोलाही कळली नाही.

एका सकाळी पाणीही उलटून आले, तेव्हा सांगितले.

"टाचणी गिळली? आणि इतके महिने गप्प?"

"तू बोलली असतीस."

"बोलण्याला भिऊन मरायचं का माणसानं?"

बायको रागाने बोलली, आणि त्याच पावली त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

अहवाल आल्यावर

कर्करोग. पसरलेला. ऑपरेशनची वेळ गेलेली. डॉक्टरीणबाईंनी आवळलेल्या जागी जाळीची नळी बसवली. पातळ, मऊ तेवढे उतरेल. उशी उंच ठेवून झोपायचे. किरणांचा उपचार पुढच्या आठवड्यापासून.

"पहिला घास अडकला तेव्हाच आलो असतो तर?" मास्तरांनी विचारले.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तेव्हा करण्यासारखं जास्त होतं," त्या म्हणाल्या. खोटे बोलल्या नाहीत.

घरी

मास्तरांपुढे गाळलेले सूप. बायको स्वयंपाकघरात, दाराआड, उभ्यानेच जेवत होती. भांड्याचाही आवाज होऊ देत नव्हती.

"अगं, चोरून काय खातेस? बाहेर ये."

"नको. तुमच्यासमोर नाही जात घास."

"दोघांचंही अडलं तर कसं चालेल? ये."

ती ताट घेऊन समोर बसली. ताटात काकडी होती. तिने फोड उचलली आणि थांबली.

"खा की."

"आवाज होतो हो."

"होऊ दे."

तिने फोड चावली. मास्तर ऐकत होते. तिने सावकाश चावून घास गिळला, तेव्हा त्यांचाही कंठ वर गेला आणि खाली आला.

"दुसरी घे," ते म्हणाले.