निळ्या खोक्यातला माल

चिखलीत भीमराजचं रेडियमचं दुकान आहे. गाडीवरचं नाव, दवाखान्याची पाटी, कंपनीचा बोर्ड, काय हवं ते व्हिनाईलमध्ये कापून मिळेल, पण माल निळ्या खोक्यातलाच. एका ठरावीक कंपनीचे रोल निळ्या खोक्यात येतात, आणि भीमराज अठरा वर्षं तेच वापरतोय. दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं की ताटात शिळं वाढल्यासारखं तोंड करायचा. स्वस्तातलं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि सरळ समोरच्या दुकानात धाडायचा. त्याची बायको प्रभावती म्हणायची, एवढा भरवसा माझ्या माहेरच्यांवर ठेवला असता तर त्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं.

कापायचं काम भीमराजचं आणि चिकटवायचं जयसिंगचं. जयसिंग मोशीचा, भीमराजपेक्षा सहा वर्षांनी मोठा. दोघं पोरवयात ब्रश घेऊन भिंती रंगवत हिंडले होते, आणि व्हिनाईल आलं तेव्हा दोघांनी ब्रश एकदमच खाली ठेवले. जयसिंगच्या हाताचं काय सांगावं! त्याने रबरी पट्टी फिरवली की खाली हवेचा एक फुगा राहायची बिशाद नव्हती. उन्हात, वाऱ्यात, शिडीवर एका पायावर उभं राहून त्याने बोर्ड चिकटवलेत. आणि निळ्या खोक्याचं कौतुक त्यालाही भीमराजइतकंच होतं, कारण ते त्याला भीमराजनेच शिकवलं होतं.

गेल्या मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. कामगारांना ने-आण करणाऱ्या अकरा बसगाड्या, प्रत्येकीवर दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव आणि लांबलचक पट्टे. जयसिंगने चार दिवसांत काम उरकलं. वीस दिवसही झाले नसतील, कंपनीच्या पूनम मॅडमचा फोन आला की या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दोघं गेले. अकराच्या अकरा गाड्यांवर पट्ट्यांच्या कडा सुटून वर वळल्या होत्या. ड्रायव्हर मंडळी कडेला उभी राहून दात काढत होती.

जयसिंग खाली बसला. एक कोपरा सोलून त्याने मागचा गम दोन बोटांत चोळला आणि हळूच म्हणाला, "भीमा, गम बघ जरा. धरत न्हाई."

भीमराजने बघायला हवं होतं. दोन पावलं पुढं यायचं, वाकायचं आणि बोट लावायचं, एवढंच. पण मॅडम बघत होत्या, ड्रायव्हर हसत होते, आणि त्याच्या अठरा वर्षांच्या मालाला कुणीतरी नाव ठेवलं होतं. त्याचं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मालाला नावं ठेवू नका दादा. माल होता तोच आहे. तुमचा हात तो राहिला नाही."

जयसिंगने सोललेला कोपरा सोडून दिला. हात पँटला पुसत उठला आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला.

काम पुन्हा करून द्यायचं ठरलं. भीमराजने डीलरकडून नवे रोल आणले, निळ्या खोक्यातलेच, आणि चिकटवायला पिंपळे गुरवच्या सिद्धेशला बोलावलं. या वेळी एक कडा हलली नाही. झालं! भीमराजला आणखी काय पुरावा हवा? माल तोच, माणूस बदलला आणि काम टिकलं. चहाच्या टपरीवर, डीलरच्या दुकानात, जो भेटेल त्याला त्याने हे ऐकवलं. वर हळहळायचा, की जयसिंगदादांचं वय झालं हो, हात थरथरतो आता. ते हळहळणं खोटं नव्हतं. पण त्या हळहळीने माणसाचा धंदा बसला. कुणी त्याला कामाला बोलवेना, आणि पुढे पुढे तोच नको म्हणू लागला. मोशीतल्या एका सोसायटीच्या गेटवर तो वॉचमन म्हणून बसायला लागला.

दिवाळीनंतर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या नव्या पाटीचं काम निघालं. घरचं काम म्हणून भीमराजने ते स्वतःच केलं. दुकानात मार्चमधला अर्धा रोल पडून होता, तोच वापरला. पत्रा तीनदा स्पिरिटने पुसला, गरम हवा मारली, जीव ओतून पट्टी फिरवली. पंधराव्या दिवशी अक्षरांच्या कडा वर वळल्या. या वेळी मात्र त्याने बोट लावलं. गम शेंबडासारखा तार धरून सुटत होता. भीमराजने एका अक्षराची पट्टी सोलून खिशात घातली.

रोलच्या नळीवरचा नंबर घेऊन तो पिंपरीला डीलरकडे गेला. निरंजनशेठनी नंबर बघितला आणि सहज सांगितलं, की हा लॉट तर एप्रिलमध्येच कंपनीने परत मागवला होता. दुकानदार स्वतः तक्रार घेऊन आले, रोल बदलून गेले. "तुम्ही मालाबद्दल काही बोलला नाहीत, जयसिंगच्या हाताचंच सांगत होतात, मला वाटलं तुमच्याकडचे चांगले निघाले. बाकी तुमच्यासारखं निष्ठावान गिऱ्हाईक नाही हं," असं म्हणून त्यांनी कौतुकाने पाठीवर थाप मारली. भीमराजला ती थाप चपराकीसारखी लागली. स्वतःची जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटत होतं.

तो तसाच मोशीला गेला, विहाराच्या पाटीवरून सोललेली पट्टी खिशात घालून. जयसिंगची ड्यूटी संपली होती, तो घरीच होता. दुर्गावहिनींनी चहा ठेवला. भीमराजने चहा येईपर्यंतही धीर धरला नाही. लॉट खराब होता, कंपनीने कबूल केलंय, तुमची काही चूक नव्हती, मी सगळ्यांसमोर वाईट बोललो, मला माफ करा, सगळं एका दमात ओकून टाकलं आणि पट्टी पुढं केली. चाकणला जाऊन पूनम मॅडमनाही सांगतो म्हणाला, टपरीवर, डीलरकडे, जिथं जिथं बोललो तिथं सगळीकडे सांगतो म्हणाला.

जयसिंगने शांतपणे ऐकून घेतलं. पट्टीला हात लावला नाही. रागावलाही नाही. रागावला असता तर भीमराजला बरं वाटलं असतं.

"असं कसं व्हईल भीमा?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "निळ्या खोक्यातला माल बिघडत न्हाई. तूच म्हणायचास न्हवं? अन् सिद्धेशनं लावलेलं टिकलंच की."

भीमराजने पुन्हा सांगितलं. सिद्धेशने लावलेले रोल वेगळ्या लॉटचे होते म्हणून सांगितलं, नंबर दाखवला, डीलरला फोन लावून देतो म्हणाला. जयसिंग नुसती मान हलवत होता, लहान पोराची समजूत काढावी तसा.

"ऱ्हाऊ दे. हातच गेलाय माझा. आता बी थरथरतोय, बघ की." त्याने उजवा हात भीमराजच्या डोळ्यांसमोर धरला.

भीमराज बघत राहिला. हात जराही हलत नव्हता. आतल्या दाराशी कप घेऊन उभ्या असलेल्या दुर्गावहिनींनी तोंड फिरवलं.

"थरथरत नाही हो दादा," भीमराज कसाबसा म्हणाला.

जयसिंग हसला आणि हात मागे घेतला. "लोकांचं मन राखायला कधीपासून शिकलास रे तू?" एवढं म्हणून त्याने दुर्गावहिनींकडून चहाचा कप घेऊन भीमराजच्या हातात दिला.