नाकासमोरचं लिंबू

"ज्याला दिसत न्हाय त्याला दिसंल, आन् ज्याला दिसतंय त्याला जास्त दिसंल!"

लाउडस्पीकर गरजला आणि भूम-वाशी रस्त्यालगतच्या त्या माळावर जमलेल्या गर्दीनं हात जोडले. चांगली नजर असलेलेही रांगेत घुसले होते. फुकटात थोडी जास्त मिळत असेल तर कोण सोडतो?

महाराजांचं नाव ज्योतीनाथ. अंगात भगवी कफनी, डोळ्यांवर काळाभोर गॉगल. लोकांच्या नजरा दुरुस्त करणारा माणूस गॉगल लावून का बसतो, असं हर्षालीनं शेजारच्या बाईला विचारलं.

"त्यांच्या डोळ्यांत लई तेज हाय," बाई कुजबुजली. "उघड्या डोळ्यांनी बघितलं तर आपुन जळून जाऊ."

"मग ताटाकडं बघत असतील तवा भाकर करपत असंल," हर्षाली म्हणाली. बाई दोन हात लांब सरकली.

हर्षाली भूमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिची जीभ तिखट होती हे खरं, पण आज ती नुसती टिंगल करायला आली नव्हती. कारण रांगेत सगळ्यात पुढं, गळ्यात झेंडूचा हार घालून, तिचा आतेभाऊ बजरंग उभा होता.

बजरंगची खव्याची भट्टी होती. भर उन्हात तो सुईत दोरा ओवून द्यायचा, पण दिवस कलला की त्याचा पाय नेमका दुधाच्या बादलीत पडायचा. बाजूनं येणारी म्हैस त्याला अंगावर आल्यावरच कळायची. घरचे सगळा दोष भट्टीच्या धुराला देत. शेवटी हर्षालीच त्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टर युसरा शेख यांच्याकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्यामागचा पडदा कडेकडेनं निकामी होतोय. आजार रक्तातून आलाय, आज तरी त्यावर औषध नाही. मोटारसायकल चालवायची नाही, आणि लग्न नात्यात करायचं नाही.

हे शेवटचं वाक्य बजरंगच्या आईला, विठाबाईला, अजिबात पटलं नाही. भावाची पोरगी सून करून आणायची हे तिनं हर्षाली पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. "डॉक्टरणीला धूर काय म्हाईत?" ती म्हणायची. आज तिनं सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं, महाराजांनी पोराला नजर दिली तर डॉक्टरीण खोटी, आणि सुपारी इथंच फोडायची. हर्षालीचे वडील उत्तरेश्वर बहिणीपुढं कधी बोललेच नव्हते. ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले होते.

महाराजांचे चेले रांगेतल्या प्रत्येकाला एकच विचारत होते. "रातीचंच दिसत न्हाय, का दिवसाबी?" दोन्ही डोळे पार गेलेल्या कडूबाईला त्यांनी हात धरून बाहेर काढलं.

"आज्जी, तुमचा योग फुडल्या अवसेला."

"मागल्या अवसेलाबी हेच म्हनला व्हतास की रं!" कडूबाई म्हणाली.

मग खेळ सुरू झाला. मंचाच्या मागं काळ्या कापडाचा तंबू होता. भर दुपारच्या उन्हातून महाराजांनी बजरंगला त्यात नेलं आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"बाळा, माझा हात दिसतो?"

"न्हाय, महाराज."

"ही बोटं?"

"कायच दिसना."

गर्दी हळहळली. महाराजांनी त्याच्या पापण्यांना अंगारा लावला, कसलातरी मंत्र पुटपुटले आणि त्याला मंचावर आणलं. ऊन कमी होतं म्हणून की काय, दोन मोठे हॅलोजनही त्याच्यासमोर पेटले. महाराजांनी त्याच्या नाकासमोर हात धरला.

"काय हाय?"

"लिंबू!"

"रंग?"

"पिवळा!"

हलगी कडाडली. विठाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. घरून आणलेला खव्याचा डबा तिनं महाराजांच्या पायांशी ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली.

"महाराज," बजरंगनं विचारलं, "आता फटफटी चालवू का?"

"विमान चालव, बाळा!"

लोक खूश होऊन हसले. हर्षालीची नजर मात्र बजरंगच्या हाताकडं होती. बजरंगनं खिशातून किल्ली काढलीसुद्धा होती, आणि बाहेरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक धावत होते. ती तरातरा मंचावर चढली.

"महाराज, चमत्कार लई झकास. तेच लिंबू जरा त्याच्या डाव्या कानाकडं धरता का?"

"लिंबाची जागा ठरलेली असते, देवी. शास्त्र हाय ते."

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच. बजरंग, तू लिंबावरची नजर हलवू नको."

नैवेद्यात कुणीतरी एक मोठा लाल भोपळा वाहिला होता. हर्षालीनं तो उचलला आणि बजरंगच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

"काय दिसतंय?"

"लिंबू."

"आनखी?"

"महाराजांचं पोट."

तिनं भोपळा डोक्यावर घेतला. मग एका पायावर उभी राहून तो हलवला. गर्दीत आधी एक पोरगी फिसकली, मग सगळा माळ हसायला लागला.

बजरंग गोंधळला. "हर्षे, लोकं का हसायलेत?"

हा प्रश्न ऐकला आणि हसू जिथल्या तिथं थांबलं. हर्षालीला भोपळा एकदम जड वाटला.

"मान वळव," ती हळूच म्हणाली.

बजरंगनं मान वळवली. हाताच्या अंतरावर भोपळा होता आणि त्याच्याखाली हर्षालीचा रडवेला चेहरा. त्यानं हात पुढं करून भोपळा चाचपला.

"ह्यो मघापासनं हितंच व्हता?"

"हितंच व्हता."

महाराज ओरडले, "बाईला बाहेरची बाधा झालीय!"

"असंल," हर्षाली म्हणाली. "तुमी त्याला परत काळ्या तंबूत न्या. नजर आलीय नव्हं?"

महाराज जागचे हलले नाहीत. बजरंग स्वतःच तंबूत शिरला. आतून धाडकन आवाज आला.

"कोन हाय?"

"खांब हाय, बजरंगा!" दाराशी उभा असलेला कुणीतरी म्हणाला.

हर्षालीनं माइक हातात घेतला. "ऐका. या आजारात अंधारात कायच दिसत न्हाय, आन् उजेडात फक्त समोरचं दिसतं, नळीतनं बघितल्यावानी. आधी उन्हातनं काळोखात न्यायचं, मग उजेडात आनून नाकासमोर लिंबू धरायचं. बजरंगला लिंबू सकाळीबी दिसत व्हतं. म्हनून तर रातीचं न दिसनारा मानूस ह्यांना फुडं लागतो आन् कडूबाई मागं. दाखवा की त्यांना लिंबू!"

"दावा की!" कडूबाई खालून ओरडली. "म्या हितंच हाय!"

महाराजांनी गॉगल काढला. गाडीकडं जाणारी वाट शोधत त्यांनी गर्दीवरून उघड्या डोळ्यांनी नजर फिरवली. कुणीही जळालं नाही.

धूळ उडवत गाडी गेली तरी विठाबाई तिथंच बसून होती. "मग माज्या लेकराला हे आलं कुठनं? कुनाचा शाप हाय ह्यो?"

हर्षाली तिच्याजवळ बसली आणि आरतीच्या ताटातले दोन पेटते दिवे समोर ठेवले.

"आत्या, नजरेच्या कामासाठी परत्येकाला दोन दिवे मिळतात. एक आईकडनं, एक बापाकडनं. एक विझलेला आला तरी दुसऱ्यावर भागतं, मानसाला कळतबी न्हाय. तुमचा एक विझलेला हाय. बजरंगच्या वडलांचाबी तसाच. तुमी त्यांच्या मामाचीच लेक, म्हनून एकाच घरातनं तोच दिवा दोघांकडं आला." तिनं दोन्ही दिवे फुंकले. "बजरंगला नेमके दोन्ही विझलेले मिळाले. माजाबी एक तसा असू शकतो. असला, तर आमच्या परत्येक लेकराला निम्मा धोका."

विठाबाईनं विझलेले दिवे बाजूला सारले. मग उत्तरेश्वरकडं वळली.

"आपल्या चुलत्याचं असंच व्हतं न्हाय का रं? दिवस मावळला की भिंत धरून चालायचा. आजी म्हनायची, पोरी घरातच द्या, भाईर कळाया नको. झाकून ऱ्हाईल." तिनं हातातली सुपारी मुठीत आवळली. "आमी झाकत ऱ्हायलो, आन् ते वाढत गेलं."

उत्तरेश्वरनं आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या हातातली सुपारी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"माजं लगीन मोडलं म्हना की," बजरंग म्हणाला. त्यानं आईच्या तळहातावर मोटारसायकलची किल्ली ठेवली. "बरं झालं. ही जल्मभर भोपळा घिऊन मागं लागली असती."

"लागनारच हाय," हर्षालीनं डोळे पुसले. "लगीन न करता."

लोक अजून घोटाळत उभे होते. हर्षाली माइक न घेताच म्हणाली, "पुन्हा असं कुनी आलं तर एवढंच करा. त्यानं दाखवलं तेवढंच बघू नका, बाजूला सरकून बघा. प्रश्न विचारा. देवाला राग येत न्हाय, भोंदूलाच येतो. आन् घरातला आजार झाकू नका, डॉक्टरला दाखवा. बरा न झाला तरी त्याचं नाव कळतं, आन् फुडच्या लेकरांना वाचवता येतं."

विठाबाई उठली. मंचावर गेली, महाराजांच्या रिकाम्या आसनापुढचा खव्याचा डबा उचलला आणि पदरानं पुसला.

"हर्षे, ती सोलापूरची डॉक्टरीण उद्या असती का? खवा ताजा हाय तवरच जाऊ."

मग तिनं मागं वळून हाक मारली. "कडूबाई, तुमीबी चला. अवसेची वाट बघू नका."