काठापर्यंत लोणी

दुलारीने कणकेच्या चकतीवर खाऱ्या लोण्याचा गोळा टाकला आणि बोटांच्या पाठीने तो काठापर्यंत पसरवला. चकती अर्धी मुडपली, पुन्हा मुडपली, आणि ती तिकोनी घडी ट्रेमध्ये ठेवली. भट्टीत भाजली की तिचा फ्लॅप व्हायचा, लोण्याचा घडीचा पाव.

"नीट बघ," ती सुनेला म्हणाली. "टोरांटोत मी नसेन सांगायला."

"म्हणून तर तुमचा रविन पाठी लागलाय, माई," नताशा म्हणाली. "म्हणतो, तू फ्लॅप शिकलीस की दर वर्षी गावी धावायला नको."

ती हसली. दुलारीने कणकेचा पुढचा गोळा उचलला आणि गरजेपेक्षा जोरात लाटला. कोपऱ्यात दोघांच्या बॅगा दोरीने बांधून तयार होत्या. बुधवारचं विमान होतं.

दुलारीच्या फ्लॅपच्या वासाने कोरेंटाईनच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरची मिनीबस तिच्या दारात आपोआप थांबते, असं गावात म्हणतात. एकदा थांबलेली मी स्वतः पाहिली आहे. चाक पंक्चर होतं, पण वासही होता. एकच खोट होती. भट्टीत लोणी बाहेर गळायचं, घडीचे तळ तळल्यासारखे कडक व्हायचे आणि आत मात्र कोरडं राहायचं. तिच्या आईचा फ्लॅप उघडला की पदरापदरात लोणी असायचं. लग्न ठरल्यावर आईनेच तिला शिकवलं होतं. लग्नानंतर दुलारी दर शनिवारी रडत माहेरी जायची, तुझ्यासारखं होत नाही म्हणायची. आई म्हणायची, "हात बसायला वेळ लागतो गं. ये परत शनिवारी." अशी ती एकोणीस वर्षं गेली, आई जाईपर्यंत.

आईच्या तेराव्याला धाकटी बहीण फुलमती चारचौघांत बोलली होती, "दीदीच्या हाताला आईची चव नाही." त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या घराचं पाणीसुद्धा वर्ज्य होतं, दुलारीला आणि तिच्या नवऱ्यालाही. बासदेवने तेव्हा आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली होती.

तो आत्ताच बाहेरून आला होता. दर शनिवारी सकाळी तो समुद्र अडवणाऱ्या बांधावरचं पाण्याचं दार बघायला जायचा. अकरा वर्षं एवढं बघून ते दार आतापावेतो झिजून समुद्रात पडायला हवं होतं. घामाचा शर्ट त्याने खुर्चीवर टाकला आणि नळाशी गेला. धुवायला टाकण्याआधी नताशाने खिसा चाचपला.

"माई, बाबांच्या खिशात फ्लॅप आहे. आपला एक कमी झाला का?"

दुलारीने कागद हातात घेतला. तिचा फ्लॅप गुंडाळला की कागद तेलकट होऊन आरपार दिसायचा. हा कोरडा ठाक होता. घडी डावीकडे उघडत होती. त्या अख्ख्या पट्टीत फ्लॅप करणारी डावखुरी बाई एकच होती, फुलमती.

बासदेव तोंड पुसत आला आणि कागद पाहून तिथेच थांबला.

"दाराला बरंच लोणी लावावं लागतं वाटतं," दुलारी म्हणाली.

"दुलारी, ऐक. एकटी असते ती. मी नुसता जरा बसतो."

"अकरा वर्षं नुसता बसतोस? आणि घरी येऊन माझेही चार खातोस, वर म्हणतोस, फुलीची काय बिशाद!"

"मग काय म्हणू? जेवायचं तर इथेच आहे ना."

नताशाला हसू आलं. सासूचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. बासदेव ओला टॉवेल खांद्यावर टाकून जिना चढून वर निघून गेला. त्याच्याशी नंतर बघून घेता आलं असतं. बायका नंतर बघतातच.

दुलारीने फ्लॅप उघडला. पदर सुटा झाला आणि वास आला. आईच्या ओसरीवरचा, शनिवारचा. आत लोणी जागच्या जागी होतं. सगळीकडे कडेने मात्र बोटभर रुंदीची पांढरी, कोरडी पट्टी होती. तिथे कणीक कणकेला चिकटली होती, म्हणून एक थेंब बाहेर पडला नव्हता.

तिने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. पूर्ण फिरवला, मग पुन्हा फिरवला.

फुली घरात राहणारी होती. तिला बोटभर जागा सोडायला सांगितलं होतं. आणि परक्या घरी निघालेल्या हिला, हनुवटी धरून, डोळ्यांत बघत, आई म्हणाली होती...

"माई?" नताशाने चकती लाटून पुढे सरकवली होती. तिच्या बोटांवर लोण्याचा गोळा होता. "कुठपर्यंत लावू?"

दुलारीने उघडलेला फ्लॅप मिटला, कागदात गुंडाळला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. कोपऱ्यातल्या बॅगांकडे एकदा पाहिलं.

"काठापर्यंत," ती म्हणाली. "अगदी काठापर्यंत."

"आणि तिकडे नाहीच जमलं तर?"

दुलारीने तिच्या हनुवटीवरचं पीठ पुसलं.

"हात बसायला वेळ लागतो," ती म्हणाली. "रविनला घेऊन ये परत."